बोलावतील मागे

आमच्या ह्यांचा जुन्या फर्निचरचा धंदा. माल घ्यायला गेले की भाव ऐकायचा, तोंड वाकडं करायचं आणि सरळ चालू लागायचं. दाराशी पोचायच्या आत समोरचा मागे बोलावतो आणि भाव खाली येतो. उभा जन्म हेच केलं. करा बापडे! पण हीच अक्कल कुणी विमानाच्या तिकिटावर पाजळतं का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला आईकडे जायचं होतं. ती धाकट्या भावाकडे असते, विमानाशिवाय पोचता येणार नाही इतक्या लांब. तिचं विसरणं वाढत चाललंय. भावाने स्पष्टच सांगितलं, "ताई, ह्याच सुट्टीत ये. अजून तुझं नाव घेते ती. पुढचं मला सांगता येत नाही."

मी त्याच दिवशी तिकिटं बघितली. स्वस्तात दोन जागा मिळत होत्या. ह्यांनी तोंड वाकडं केलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि समोरचं सगळं बंद करून टाकलं.

"थांब गं. आपण निघालो की उतरतील."

"अहो, तिथे कोण बसलंय आपल्याला हाका मारायला?"

"धंदा मला शिकवू नकोस."

भाडं चढलं. हे पुन्हा 'निघाले'. आणखी चढलं, तसा ह्यांना उलट चेवच आला. म्हणे, घासाघीस रंगात आलीये! तिकडे यंत्र, इकडे हे, आणि मधल्या मध्ये माझी आई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कार्ड ह्यांच्या पाकिटात. मी दुकानात बसून खुर्च्यांच्या गाद्या शिवत होते आणि रागारागात सुई बोटात घुसवून घेत होते.

काल दुपारी भावाने आईला फोन जोडून दिला.

"आई, मी बोलतेय."

"कोण?"

"अगं मी, तुझी थोरली."

ती परक्याशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "माझी मुलगी यायची आहे हो सुट्टीत. ती आली की तिच्याशीच बोला."

मी फोन ठेवला. हे मागे गोदामात होते, पाकीट टेबलावर पडलेलं. कार्ड काढलं आणि असेल त्या भावाने तिकीट घेऊन टाकलं. आधी दोघांचं झालं असतं, तेवढ्यात आता एकटीचं आलं.

हे हात झटकत बाहेर आले. "घेतलंस? एकच? आणि माझं?"

"तुम्ही जरा दारापर्यंत जाऊन या. बोलावतील मागे."

ते हसायला लागले, पण माझं तोंड बघून थांबले. "आईंचा फोन होता का? काय म्हणाल्या?"

"मुलगी येणार आहे म्हणाली," मी सांगितलं. "मलाच सांगत होती."