ऑइल वाढलं कसं?

गाडी चालता चालता इंजिन गपकन बंद पडतं आणि तरी गाडी चालतच राहते. आता असल्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं, सांगा बरं! मला वर्षभर कळलं नाय.

मी पुंजा. पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षबागायतदाराकडं वीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. कंबर गेली तेव्हा नाशकात श्यामलाताईंकडं गाडीवर लागलो. ताई दातांच्या डॉक्टर. घर कॉलेज रोडला, दवाखाना शालिमारला. २००८ साली त्यांच्या मुंबईच्या मुलानं, गौरांगसाहेबांनी, त्यांना ही हायब्रिड गाडी घेऊन दिली. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. साहेबांना तिच्यावर एजन्सीचा शिकलेला ड्रायव्हर हवा होता. ताई म्हणाल्या, "इंजिनातलं पुंजाभाऊंना कळतं तेवढं कुणाला कळत नाही. गाडी त्यांच्याच हातात राहील." त्या एका शब्दावर माझी नोकरी टिकली.

साहेब म्हणाले, ऑइल दहा हजार किलोमीटरला. वर्कशॉपवाले म्हणाले, दहा हजार किंवा सहा महिने, आधी होईल ते. अरे, पण किलोमीटर कुणाचे? निम्मे तर बॅटरीनं कापले! इंजिन झोपलेलं, तर त्याचं ऑइल झिजेल कसं? आणि महिने कसले मोजता? ऑइल काय दूध हाय, ठेवलं की नासायला? मी आपलं ट्रॅक्टरचं गणित लावलं. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं. अडीचशे तास झाले की ऑइल बदला. या गाडीला तसलं मीटर नाय, म्हणून इंजिन घुरघुरलं की मी घड्याळ बघायचो, थांबलं की परत बघायचो, आणि घरी जाऊन वहीत मिनिटं मांडायचो.

"पुंजाभाऊ, तुम्हाला कुठं जायची घाई आहे का?" ताई मागून विचारायच्या.

"नाय ताई, इंजिनाची हजेरी घेतोय."

ताई हसायच्या. वर्कशॉपमधून फोन आला की मला विचारायच्या, "द्यायची का हो गाडी?" मी म्हणायचो, "छ्या! लुबाडायचे धंदे त्यांचे. अजून शंभर तास नाय झाले." असं नाकानं कांदे सोलत अकरा महिने काढले. वही सांगत होती, एकशे दहा तास.

मग जानेवारीतल्या एका सकाळी ऑइल बघायची पट्टी ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! मी पट्टी पुसली, परत घातली, परत ओढली. तेच. अरे देवा, ऑइल कमी होतं, काळं होतं, गळतं. वाढतं कसं? वॉचमनला विचारलं, रात्री कुणी बॉनेट उघडलं होतं का? तो माझ्याकडं बघतच राहिला. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आत पिवळसर फेस, ताकावर येतो तसा. बोटावर घेऊन वास घेतला, तर पेट्रोलचा. माझं डोकंच चालेना.

ताईंना दवाखान्यात सोडलं आणि तडक अंबडला वर्कशॉपवर गेलो. तिथल्या लखन मेकॅनिकनं फेस बघितला आणि विचारलं, "काका, गाडी रोज चालते किती?"

"दवाखान्यात जायचं, यायचं. दोन टाइम. बारा किलोमीटर."

"मग बरोबर. इंजिन दोन मिनिटं लागतं आणि तापायच्या आत बंद पडतं. आतली वाफ, न जळलेलं कच्चं पेट्रोल उडून जायला ताव लागतो. ताव आलाच नाही, सगळं ऑइलात उतरलं. कमी चालते, म्हणूनच लवकर बदलायचं, काका."

"पण तास तर..."

"ट्रॅक्टर एकदा लावला की चार-चार तास तापतो. ही तापतच नाही, तर तास कसले मोजता?"

कमी चालते म्हणून लवकर! मला ते सुलटं लागेना आणि उलटंही लागेना. "इंजिनाला काय झालं नाय ना?" मी विचारलं.

"आवाज बरा आहे. पण उघडून बघितल्याशिवाय कोण सांगणार?" त्यानं ऑइल बदललं आणि वर म्हणाला, "बाईंना सगळं सांगत बसू नका. सर्व्हिस झाली, एवढंच म्हणा."

मला ते लय पटलं. गप बसायचं ठरवलं. संध्याकाळी ताई गाडीत बसल्या, त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं आणि त्या शांततेत माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दिवाळीत गौरांगनं विचारलं होतं, सर्व्हिस झाली का. मी झाली म्हणून सांगितलं."

"का पण, ताई?"

"तुम्ही गरज नाही म्हणालात. ते त्याला पटलं नसतं, त्यानं दुसरा ड्रायव्हर पाठवला असता. तुम्ही कधी एकदाही 'माहीत नाही' म्हणाला नाहीत, पुंजाभाऊ. म्हणून तर मी पोराशी बिनधास्त खोटं बोलले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शहाणपणापायी ताईंनी पोटच्या पोराला फसवलं होतं.

घरी गाडी लावली आणि म्हणालो, "साहेबांना फोन लावा."

"राहू द्या. त्याचं मी बघते."

"नाय ताई. लावा."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "साहेब, वर्षभर ऑइल मीच बदलू दिलं नाय. ताई माझ्यासाठी खोटं बोलल्या. आज बदललंय," मी म्हणालो.

साहेबांनी विचारलं, "इंजिन खराब झालंय का?"

"छ्या, ठणठणीत हाय!" हे अगदी ओठांवर आलं होतं. ताई माझ्याकडं बघत होत्या.

"मला माहीत नाय, साहेब," मी म्हणालो. "उद्या उघडून बघायला नेतो. मग गाडी कुणी चालवायची, ते तुम्ही ठरवा."