धोका आढळला नाही

सुनेने नव्या संगणकाच्या पडद्यावरचं प्लास्टिक हलक्या हाताने सोलून काढलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बसा बाबा. आधी अँटिव्हायरस टाकू, मग बाकीचं."

सासरे बसले. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापक म्हणून काढलेला माणूस. पण संगणकापुढे ते जरा अंग चोरूनच बसत. सुनेने दोन-तीन प्रोग्रामांची माहिती वाचून दाखवली. एक फुकट होता, पण ऊठसूट जाहिराती दाखवायचा. दुसरा इतका जड, की नवं यंत्रही रांगायला लागलं असतं. तिसरा ईमेलमधून आलेली प्रत्येक फाइल उघडण्याआधीच तपासून घ्यायचा.

"हाच घे," ते घाईने म्हणाले.

जुन्या संगणकात व्हायरस शिरला त्याला दोन वर्षं झाली होती. सुनेच्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्यात गेली. यंत्र दुरुस्त होऊन कसंबसं चालत राहिलं, प्रकरणं मात्र पुन्हा लिहावी लागली. सगळे हवालदिल झाले असताना सासरेच म्हणाले होते, की आदल्या दिवशी तुझा भाऊ पेन ड्राइव्ह लावून बसला होता, त्यातूनच आला असणार. मुख्याध्यापकांच्या शब्दावर शंका कोण घेणार? तिने धाकट्या भावाला फोनवर नको नको ते सुनावलं. तेव्हापासून तो या घराची पायरी चढला नव्हता.

प्रोग्राम बसला. सून उठली आणि कपाटाच्या खणातून एक निळा पेन ड्राइव्ह घेऊन आली.

"त्याचाच आहे. त्या दिवशी इथेच विसरला. आजवर लावायची हिंमत झाली नाही."

तपासणी सुरू झाली. सासरे टेबलावरच्या प्लास्टिकच्या घड्या घालत राहिले. एक, दोन, चार. मग पडद्यावर अक्षरं उमटली: एकही धोका आढळला नाही.

सून बराच वेळ ती ओळ वाचत राहिली.

"म्हणजे तो नव्हताच," ती हळूच म्हणाली. "मीच काहीतरी उघडलं असणार, आणि बोल त्याला लावला."

आता नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं. अशी गप्प बसणारी मुलं सासऱ्यांनी शाळेत चेहऱ्यावरून ओळखली होती.

"तू नाहीस," ते म्हणाले. "मी. कुण्या अनोळखी बाईचा ईमेल होता. फोटो पाठवलाय म्हणे. तुझ्या सासूला जाऊन चारच महिने झाले होते. मी उघडला, आणि पडदा काळा झाला."

त्यांना मान वर करवेना. सुनेने पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला. मग मोबाइल उचलला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून तो त्यांच्यापुढे ठेवला.

"हे त्याला सांगा."

रिंग वाजत राहिली. उचलणार नाही असं वाटत असतानाच पलीकडून धावत आल्यासारखा आवाज आला.

"ताई? बोल ना, ताई."

सासऱ्यांनी मोबाइल जवळ ओढला.

"ताई नाही. मी बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडच्याने फोन ठेवला नाही.