आईला न दिसणारी तार

शेताची वाटणी गोडीगुलाबीने झाली होती. गाईंना मात्र वाटणी कोण समजावणार? थोरल्याच्या गाई धाकट्याच्या चाऱ्यात शिरायच्या आणि संध्याकाळी दोघे भाऊ तोंडं फुगवून बसायचे. शेवटी मधे विजेचं कुंपण घालायचं ठरलं आणि तार आणायचं काम थोरल्याच्या गळ्यात पडलं.

आईचं म्हणणं एकच होतं: वाटून घ्या, पण माझ्या डोळ्यांदेखत शेताचे दोन तुकडे करू नका. ती थोरल्याकडे राहायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला समोर धाकट्याचं घर दिसायचं आणि दुपारी ती गवत तुडवत सरळ नातीकडे जायची. आता कुंपणाचं या माउलीला सांगणार कोण? थोरला आपला भिडस्त. बायको भिडस्त म्हणायची, ते तिचं मन मोठं म्हणून. खरं तर आईपुढे त्याची दातखीळच बसायची.

दुकानदाराने काउंटरवर माल मांडला. स्टीलचे बारीक धागे विणलेली रुंद पांढरी पट्टी, तशाच धाग्यांची दोरी आणि नुसती गॅल्वनाइज्ड तार. तार टिकते, तिच्यातून करंट लांबवर जातो. पट्टी दुरून दिसते. मग त्याने विचारलं, तिथून माणसांची ये-जा आहे का?

"गाय एकदा नाक लावते आणि शिकते," तो म्हणाला. "माणसं असतील तर पट्टी घ्या. दिसणारी बरी."

थोरल्याने दुकानदाराला तार बाहेर नेऊन धरायला लावली आणि चार पावलं मागे सरला. तार दिसेनाशी झाली. त्याला हवं होतं ते हेच. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणत त्याने भेंडोळं गाडीत टाकलं.

आई मावशीकडे गेली होती, तेवढ्यात दोघा भावांनी कुंपण उभं केलं. खांबसुद्धा गवताच्या रंगाचे, आणि फाटक पार रस्त्याच्या कडेला. बायको म्हणाली, आईंना सांगा हो. सांगतो की सवडीने, म्हणाला. धाकट्याला वाटलं, दादाने सांगितलं असेलच. अशी ही शहाणी माणसं!

आई परत आली आणि दुसऱ्याच दुपारी दुधाचं भांडं घेऊन निघाली. थोरला गोठ्यात होता. किंकाळी ऐकून तो धावला, तर आई गवतात बसलेली, दूध सांडलेलं, मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं. झटका तसा जनावराला दटावण्यापुरताच असतो, लागलं काही नव्हतं. तिने तारेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सांगितलं असतंस, तर मी वळसा घालून गेले असते रे."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

त्यानंतर आई पलीकडे गेली नाही. थोरला दुकानात जाऊन मुकाट्याने पट्टी घेऊन आला, वाटेवरच नवं फाटक बसवलं, करंट बंद करून दाखवला. ती नुसती हो हो म्हणायची. मग त्याने पट्टीही उतरवली, खांब उपटले. गाई गेल्या चाऱ्यात तर जाऊ देत. धाकट्याचीही त्याला ना नव्हती. नात इकडे येऊन आजीला ओढायची, पण आजीचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायचे.

एकदा थोरल्यानेच तिचा हात धरला आणि चालवत नेलं. जिथे तार होती तिथे आई थांबली. पलीकडून नात हाका मारत होती. आईने हात सोडवून घेतला आणि दोन्ही तळवे पुढे करून समोरची हवा हळूहळू चाचपून पाहिली.

"काही नाहीये गं आई तिथे. खरंच."

"तू म्हणतोस खरं," आई म्हणाली आणि घराकडे वळली.