लेकींची नावं

ओझरच्या मंगल कार्यालयात वंशावळ संमेलन भरलं होतं. हौशीरामने डिंगोऱ्याच्या आपल्या घराण्याचा सात पिढ्यांचा फ्लेक्स तिथे मोठ्या तोऱ्यात लावला होता. त्यातली निम्मी नावं थोरल्या बहिणीने, प्रयागबाईने, तोंडपाठ सांगितलेली. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. हौशीरामचा चार महिन्यांचा नातूसुद्धा त्यात होता, ती नव्हती.

"माझं नाव कुठंय रं?"

"अक्का, लेकींची नावं वंशावळीत नसत्यात. रीतच हाय ती."

प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात व्यासपीठावरचे अभ्यासक सांगू लागले, "घराण्यातल्या लेकींची नावं हवीत? हक्कसोडपत्रं काढा. जमिनीवरचा हक्क सोडताना मात्र त्यांचं नाव न चुकता लिहिलेलं असतं."

सभागृहात हशा पिकला. हौशीरामही हसला.

प्रयागबाई पदर खोचून उठली.

"हस, हौशीराम. तुझ्या नातवाला माझं नाव हुडकायला लई तरास व्हायचा न्हाई. भाऊबीजेची साडी नेसवून दुसऱ्याच दिवशी तूच मला सही करायला नेलं व्हतंस."