वगळलेली एकशे सदतीस

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस, स्वतः मात्र औषधाच्या बाटलीवरचंही धड वाचत नसे. काम निम्मं असतानाच ‘झालं!’ म्हणून मोकळा व्हायचा. बायकोने त्याचं नावच झालंराव ठेवलं होतं.

बायको शाळेत बाई. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती एकच दिवस रडली. तिच्या भावाचा रेकॉर्डिंगचा धंदा. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडून कॉम्प्युटर आणि माईक आणला, आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया टांगल्या आणि आत बसून रोजची वाक्यं बोलायला लागली. ऑपरेशननंतर टॅबलेटवर बोट ठेवलं, की ती तिच्याच आवाजात वाजणार होती. बटणावर फाइलचं नाव दिसायचं, म्हणून तिने प्रत्येक फाइलला ते वाक्यच नाव म्हणून दिलं. शेवटी बाईच ती, विरामचिन्हं कशी सोडेल! तीन आठवड्यांत चारशे बारा वाक्यं झाली.

त्यातलं ‘मला माहीत होतं’ ऐकून तो हसला. “हे कशाला?”

“तुमच्यासाठी. लागेल,” ती म्हणाली.

फाइली टॅबलेटच्या कार्डावर उतरवायचं काम त्याच्याकडे आलं. ती हॉस्पिटलात, मेहुण्याला मशीन परत हवं, दुकान उघडायचं बाकी. अर्ध्यात पडद्यावर चौकट उमटली: नावात न चालणारं चिन्ह आहे, फाइल वगळायची का? चिन्ह नि बिन्ह! त्याने ‘सगळ्या वगळा’ दाबलं, मशीन पुसून कोरं केलं आणि मेहुण्याकडे पोचतं केलं. झालं!

दोन महिन्यांनी जखम भरली, तेव्हा लेक भेटायला आली. तोवर पाटीवर लिहूनच भागलं होतं, टॅबलेट आज पहिल्यांदाच निघाला. बायकोने टॅबलेट मांडीवर घेतला. ‘ये गं.’ ‘दमलीस तू.’ आईचा आवाज ऐकून लेक रडता रडता हसली. मग बायकोचं बोट यादीवर खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. शेवटी तिने पाटी ओढली आणि लिहिलं: ‘जेवलीस का?’ सापडत नाही.

तिघांनी शोधलं. ‘बरं वाटतंय का?’ नाही. ‘कधी येणार?’ नाही. ‘ऐकताय ना?’ तेही नाही. कार्डावर दोनशे पंचाहत्तर वाक्यं होती आणि त्यात एकही प्रश्न नव्हता.

“मामाच्या मशीनवर नावात प्रश्नचिन्ह चालतं, बाबा,” लेक हळूच म्हणाली. “या कार्डावर नाही चालत.”

त्याने मेहुण्याला फोन लावला.

“भाऊजी, त्या डिस्कवर दोन महिन्यांचं नवं काम चढलंय,” मेहुणा म्हणाला. “आता काही उरलं नसणार.”

सव्वीस वर्षं ती विचारत आली होती आणि तो मान वर न करता ‘हं’ म्हणत आला होता. त्यातला एक प्रश्न, कुठलाही, पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून त्याने आता दुकान विकलं असतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बायकोने पाटी पुसली आणि लिहिलं: मशीनने काही विचारलं होतं? वाचलंत?

‘काहीच विचारलं नाही’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

“विचारलं होतं,” तो म्हणाला. “मी वाचलं नाही.”

तिने टॅबलेट जवळ घेतला. हे बटण तिला शोधावं लागलं नाही.

‘मला माहीत होतं.’