सतरा-पन्नास की अठरा-दोनशे

साधनाने लेन्सची कडी पूर्ण फिरवली आणि रस्त्यापलीकडचा रसवंतीवाला एकदम तिच्या पुढ्यात आला. त्याच्या मिशीला चिकटलेला उसाचा चोथा दिसला. शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं दिसलं. तिने कॅमेरा खाली घेतला, तर तो आपला होता तिथेच, रस्त्याच्या पार, चिमूटभर. पुन्हा डोळ्याला लावला. पुन्हा मिशी. तिला हसूच फुटलं.

"चार डाव पाह्यलं तू त्याले," काउंटरमागून दौलतराव म्हणाले. "त्याले वाटन, सोयरीक आली."

"काका, ही तर जादू हाये!"

वाशिममध्ये दौलतरावांचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं, आणि त्याला लागून असलेल्या स्टुडिओत साधनाने तीन वर्षं काढली होती. तिथे ती दुसऱ्यांच्या लग्नांचे अल्बम लावायची, कोणाच्या सासूच्या सुरकुत्या पुसायची, नवरदेवाला दोन छटा उजळ करायची. आता तिचा स्वतःचा कॅमेरा आला होता. आठ दिवसांपूर्वी आला, तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याला लेन्स मात्र एकच घेता येणार होती, आणि पुढची तीन-चार वर्षं तिच्यावरच काढायची होती.

तिच्यापुढे दोन होत्या; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येणार. एक सतरा-पन्नास. ही कमी उजेडातही चांगला फोटो काढणारी, पण पल्ला आखूड; माणूस नीट हवा तर त्याच्याजवळ जावं लागणार. दुसरी ही अठरा-दोनशे. हिला जवळचं चालायचं, लांबचं चालायचं, सगळंच चालायचं.

"लगनवाल्याले हेच लागते," दौलतराव म्हणाले. "एका जागी खुर्ची टाक न् पुरं लगन काढ. कायले हिंडत बसतं?"

"पन उजेड कमी घेते ना ही."

"तुह्या चुलतबहिनीचं लगन हाये ना उद्या-परवा? दोन्ही घेऊन जाय. वापरून पाह्य. सोमवारी एक वापस आनून दे."

साधना त्यांच्याकडे बघतच राहिली. "दोन्ही?"

"आता रडू नको. बस निघून जाईन अनसिंगची."

बसमध्ये तिने बॅग मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी अशी कवटाळली होती, की कंडक्टर थांबला. "यात कोनी झोपलं हाये काय? हाफ तिकीट लागते." अख्खी बस हसली. साधनाही हसली, पण हात सैल केला नाही.

अनसिंगच्या बाहेर भाजीपाल्याच्या वाफ्यांना लागून दोन भावांची दोन घरं होती, अंगण एकच. मोठे भाऊ म्हणजे साधनाचे वडील, ते सहा वर्षांपूर्वी गेले. धाकटे उत्तमराव दोन्ही घरांची शेती बघत. नीलिमा त्यांची एकुलती एक. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हळद लागणार होती, आणि अंगणात मांडव पडला होता तो थेट भेंडीच्या पहिल्या वाफ्यापर्यंत.

हळदीला साधना खुर्चीवर चढून उभी राहिली. डोळ्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला अठरा-दोनशे. काय मजा येत होती! पाटावरची नीलिमा घेतली, लगेच कडी फिरवली की तिच्या पापणीला लागलेला हळदीचा ठिपका. वाजंत्रीवाल्याचे फुगलेले गाल. लाडू खिशात घालणारे कोणाचे तरी मामा. पाऊल हलवायचं काम नाही, आणि सगळं जग हाताशी.

तिची आई तुळसाबाई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होती, स्वयंपाकघराच्या पायरीवर. नवरा गेल्यापासून ती हळदीच्या पाटाजवळ जात नसे. जाऊ नको असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, आणि ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. नीलिमा रांगायला लागली ती तिच्या पायाशी, पहिली वेणी घातली ती तिने, शाळेचा डबा दहावीपर्यंत तिच्याच हातचा. आज पन्नास माणसांचा स्वयंपाक सकाळपासून तीच बघत होती. पाटाभोवती मात्र नऊ बायका होत्या आणि त्यांत ती नव्हती.

साधनाने कडी दोनशेपर्यंत नेली. आई आली. नेमकी त्याच क्षणी नीलिमा कशाला तरी हसली, आणि इकडे तुळसाबाईही एकटीच हसली, पदराचं टोक दातांत धरून. साधनाने बटण दाबलं.

फोटो बघितला आणि तिने खुर्चीवरून उडीच मारली. मागची पायरी, चूल, भांडी सगळं विरघळून गेलं होतं. नुसता आईचा चेहरा, आणि कडेला मांडवाच्या झेंडूचा पिवळा धूसर पट्टा. पाटाला लागून उभी असावी तशी. तिने तिथूनच दौलतरावांना फोन लावला.

"काका, लांबवाली पक्की!"

"सांगतलं होतं ना मी."

दिवे लागले तशी उत्तमरावांच्या घरात सगळी टीव्हीसमोर जमली. साधनाने कॅमेरा टीव्हीला जोडला. मामांच्या लाडवाला टाळ्या पडल्या. मग तुळसाबाईचा फोटो आला.

"वयनी, पाहा बरं!" उत्तमराव म्हणाले. "काय फोटो आला तुमचा!"

तुळसाबाई परात कडेवर घेऊन दारातच थांबली होती. तिने बराच वेळ टीव्हीकडे बघितलं.

"मी इतकी जवळ कव्हा गेली होती व?"

"तू नाही गेली, आई. लेन्सनं आनलं तुले!" साधना तोऱ्यात म्हणाली.

"असं होय." तुळसाबाईने परात दुसऱ्या कडेवर घेतली. "बरं हाये मंग. मले उठाचंबी काम नाही." आणि ती भात बघायला गेली.

पुढचे फोटो येत राहिले, लोक हसत राहिले. साधनाला एकदम वाईट वाटलं, आणि कशाचं तेही लगेच कळलं. आई सहा वर्षं जिथे उभी राहत होती तिथेच आजही उभी होती, आणि आपण खुर्चीवरून उतरून तिच्यापर्यंत जायचेही कष्ट घेतले नव्हते. वर टाळ्या घेतल्या. तिने टीव्हीची वायर काढली आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला शिरपूरहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन गाडी आली. नीलिमा पुन्हा पाटावर बसली. साधनाने लेन्स बदलली होती. सतरा-पन्नास पन्नासवर नेऊन तिने पायरीकडे रोखली. आई दिसली, भेंडीच्या बीएवढी.

"आई, समोर ये," ती म्हणाली. "फोटोत येऊन नाही राह्यली तू."

"काल आली ना."

"कालची लेन्स काढली मी. ही लांबचं घेत नाही."

"मंग लाव ना ते कालचं."

"वापस करून राह्यली ते."

पाटाजवळच्या बायकांचे हात वाटीतच थांबले. उत्तमराव पुढे आले.

"काहून? खराब निघाली काय?"

"नाही काका. मस्त हाये. पन मले नाही पाह्यजे."

तेवढ्यात पाटावरून नीलिमा म्हणाली, "मोठीआई, ये ना व लवकर. पायाले मुंग्या आल्या माह्या बसून बसून."

तुळसाबाईने उत्तमरावांकडे बघितलं. त्यांनी भेंडीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग वाकून वाटेत पडलेलं घमेलं उचललं आणि बाजूला ठेवलं.

"या वयनी," ते म्हणाले.

तुळसाबाई पायरी उतरली. पदराला हात पुसत आली, आणि पाटापाशी पोचल्यावर तेच हात पुन्हा पुसले. नीलिमाने तिचं मनगट धरलं, वाटीत बुडवलं आणि स्वतःच्या गालावर ठेवून घेतलं. क्षणभर दोघीच होत्या. मग एक बाई "माहाबी फोटो घे व" म्हणत सरकली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता पाटाभोवती हीऽ गर्दी. पन्नासवर एवढी माणसं मावेनात. साधनाने कडी तीसवर आणली, वीसवर आणली, शेवटी सतरावर आणली, तरी आईचा खांदा चौकटीबाहेर राहत होता. ती हसत हसत मागे सरू लागली. एक पाऊल, दोन, तीन. चौथ्याला टाच ओल्या मातीत रुतली.

"अवं पोरी, भेंडी!" तुळसाबाई ओरडली, एक हात तसाच नीलिमाच्या गालावर. "भेंडीत पाय देऊन राह्यली तू!"

साधना आणखी एक पाऊल वाफ्यात सरकली आणि तिने बटण दाबलं.