चौथं शील

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी सहा वाजता वासराने गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलातल्या त्या गावात सायंकाळी विहारात खीर व्हायची होती आणि दूध देण्याचं प्रीतीने कबूल केलं होतं. चरवी घेऊन ती गोठ्यात गेली, तेव्हा गाईची कास रिकामी आणि वासरू तोंडाला फेस लावून उभं. त्याच्या गळ्यात दावं नव्हतं. लाल रिबिनीचं फूल होतं.

घरात लाल रिबिनी लावणारं माणूस एकच, तिची नऊ वर्षांची लेक दीक्षा.

"वासरू कोणं सोडलं?"

"मले काय मालूम? गाठ सुटली असंन."

"अन् रिबीन?"

दीक्षाने वासराला नीट निरखलं. "हवेनं आली असंन."

"हवेनं फूलबी बांधलं?"

"हवा लय जोराची होती."

प्रीतीने हसू दाबलं. ती मराठी शाळेत शिक्षिका. लेकरू चुकलं तर ओरडू नका, त्याला आपणहून बोलू द्या, हे ती प्रत्येक पालकसभेत सांगायची. घरी मात्र दीक्षाच्या तोंडून 'माझं चुकलं' एवढं आजवर निघालं नव्हतं. फुटलेला कप मांजराने फोडलेला असे, सांडलेली शाई पंख्याने सांडलेली आणि चप्पल हरवली तर चूक चपलेची. रागावलं की रडायची, पण कबूल व्हायची नाही. आज ते शब्द ऐकायचेच, आणि तेही न ओरडता, असं प्रीतीने ठरवलं.

नवरा संघपाल मोटारसायकलवर आदिलाबादला जाऊन पाकिटाचं दूध घेऊन आला. खिरीची अडचण मिटली.

दुपारी प्रीतीने लेकीला जवळ बसवलं. "दीक्षा, मले काई सांगाचं हाय का?"

"हो."

प्रीती सावरून बसली.

"भूक लागली."

सायंकाळी विहार भरला. यंदा पंचशील सांगायचा मान दीक्षाचा होता. ती म्हणणार आणि मागून सगळे म्हणणार. पांढरा फ्रॉक घालून ती माइकसमोर उभी राहिली. त्रिशरण खणखणीत झालं. पहिलं, दुसरं, तिसरं शील झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. दीक्षा थांबली. तिने आईकडे पाहिलं आणि थेट पाचव्यावर उडी मारली.

अर्धी माणसं सवयीने चौथं म्हणाली, अर्धी तिच्यामागे पाचवं. कोण काय म्हणतंय कुणालाच कळेना.

मागे खिरीच्या मोठ्या गंजापाशी शेजारची शकुबाई डाव घेऊन बसली होती. ती ओरडली, "ओ पोरी, एक शील गिळलं तू!"

"माइक बंद पडला होता," दीक्षा म्हणाली. माइकवरच म्हणाली, त्यामुळे ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

माइकवाला महिपत ताडकन उठला. "माह्या माइकले नाव नको ठेवू बाई! नवा हाय थो!"

सगळा विहार हसायला लागला. प्रीतीनेही पदर तोंडाला लावला. आता ते हसू दाबणं तिच्याच्याने होईना.

दीक्षा तेवढी हसली नाही. माणसांतून वाट काढत ती गंजापाशी गेली आणि शकुबाईच्या कानाला लागली. बराच वेळ काहीतरी सांगत होती. शकुबाईच्या हातातला डाव खिरीत बुडाला तरी तिला भान नव्हतं. मग तिने पोरीच्या पाठीवर थाप दिली. "जाय, म्हण आता."

दीक्षाने चौथं शील एवढ्या मोठ्याने म्हटलं की महिपतला आवाज कमी करावा लागला.

खीर वाढताना प्रीतीने शकुबाईला गाठलं. "मावशी, काय म्हणली थे तुमाले?"

"तुले काऊन सांगू?"

"मी माय हाव तिची!"

"मंग तिलेच इचार ना, मॅडम."

शकुबाईच्या पोटात कोणतीच गोष्ट रात्रभर राहत नाही, हे गावाला ठाऊक. त्या भरवशावर प्रीती दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओट्यावर जाऊन आली. संध्याकाळी साखर मागायला म्हणून पुन्हा गेली. शकुबाईने वाटीभर साखर दिली आणि नुसती हसली.

"पोरीलेच इचारून टाक एकडाव," संघपाल म्हणाला.

"नाई. आपणहून सांगू दे."

दीक्षाने आईला अजून काही सांगितलेलं नाही. आज सकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावर चहा सांडलेला दिसला. कोणं सांडला, असं प्रीतीने विचारलं. दीक्षाने मांजराकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांब, मी इचार करून राह्यली."